भाताला मीठ पाजणारी

माझी नणंद नयन भाताला खारं पाणी पाजते, आणि त्यासाठी तिला पीएच.डी. मिळणार आहे. ठाण्याच्या कॉलेजात ती काचेच्या बाटल्यांत इवलीशी रोपं वाढवते, त्यांना मिठाचा ताण देते आणि जी तगतात ती निवडते. तिला स्वतःला मात्र डाळीत चिमूटभर मीठ जास्त झालेलं खपत नाही, आणि रिक्षावाला कल्याण स्टेशनला नाही म्हणाला की हिच्या डोळ्यांत पाणी.

यंदा कॉलेजचं रोपं वाढवायचं जाळीघर दुरुस्तीला निघालं, म्हणून तिच्या पीएच.डी.च्या सरांच्या परवानगीने कुंड्या आमच्या गच्चीत आल्या. एका रांगेला गोडं पाणी, दुसरीला खारं. खाऱ्या रांगेत अखेर एकच रोप लोंबीवर आलं. नयनचं पुढचं सगळं काम त्याच्या बियांवर होतं. तिने पाखरांसाठी जाळी लावली. घरच्या माणसांसाठी काय लावणार?

दसऱ्याला सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली आणि दारातच किंचाळली. आंब्याच्या पानांसोबत चौकटीला भाताच्या ताज्या लोंब्या बांधल्या होत्या. नव्या भाताच्या लोंब्या अशा दाराला बांधायच्या, याला आम्ही नवं म्हणतो. शेत विकल्यापासून नयनची आजी, आवडाबाई, नवं कल्याणच्या बाजारातून विकत आणायच्या आणि कुरकुरायच्या. यंदा घरचं पीक असताना त्या बाजारात कशाला जातील?

नयन अनवाणीच गच्चीत धावली, मी मागे. गोड्या पाण्याची रांग बोडकी झाली होती. त्याचं दुःख नव्हतं, ते बियाणं कॉलेजात डबाभर पडून होतं. खाऱ्या कुंडीतलं रोप मात्र आपल्या काटकुळ्या लोंब्यांसकट जसंच्या तसं उभं होतं.

"त्या मरतुकड्या लोंब्या देवाला वाहू?" आजी धापा टाकत वर आल्या. "देव काय बोलंल?"

नयन रडता रडता हसली, मग चिडली. "आजी, ते खाऱ्या पाण्यावर वाढलंय! समजतंय का तुला?"

आजी त्या कुंडीजवळ वाकल्या. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यानंतर तिथे धड गवतही उगवलं नाही, आणि शेवटी जमीन बिल्डरला गेली.

"आपल्या शेतान तवा ह्यो भात असता तं..." त्यांनी पदर पसरला. "एक दाना दे गो. देवापुढं ठेवते."

सरांनासुद्धा हात लावू न देणाऱ्या नयनने एक दाणा खुडून त्या पदरात टाकला. मी कुठली गप्प बसायला!

"आता सरांना काय सांगशील गं?"

"चिमणीने खाल्ला," ती नाक पुसत म्हणाली आणि जाळी पुन्हा नीट बांधायला लागली.