मेमसाहेबांनी झाडलेली खोली

मंडळी, आज सकाळी लेक आणि नातू टोरांटोला परत गेले. कामवाली बाई झाडू घेऊन आली, तर मी ओरडलेच, "अभी नहीं!" घरचं माणूस प्रवासाला निघाल्यावर लगेच झाडायचं नसतं, अशुभ मानतात.

स्वातंत्र्यानंतर आमच्याकडे मध्यभारत राज्य होतं, तेव्हाचं आठवलं. मी आठ वर्षांची. मिशनच्या दवाखान्यात सेवेला परदेशातून आलेलं कुटुंब स्नेहलतागंज मोहल्ल्यात आमच्याकडे वर्षभर भाड्याने राहिलं. त्यांची रूथ माझी मैत्रीण. मुदत संपली. निघताना रूथच्या आईने, म्हणजे मेमसाहेबांनी, शिस्तीत खोली झाडून-पुसून चावी दिली.

टांगा वळला. मी रिकाम्या खोलीत रूथची रिबन तरी सापडते का बघत होते. आई म्हणाली, "न झाडता ठेवायला कचराही सोडला नाही गं बाईनं."

आज पलंगाखाली नातवाच्या बिस्किटाचा चुरा आहे. संध्याकाळ झाली, माझा हात झाडूकडे जात नाही. तुमचा जातो?