कवितेबरोबर भरवलेला भोपळा

परवा रविवारी संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीत, बागेतल्या कट्ट्यावर आम्ही म्हातारे बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, काका, एखादी शाळेतली कविता होऊन जाऊ द्या... आणि मी तर अशा आग्रहाची वाटच बघत असतो.

माझी नात यशोधरा, घरात यशू, नुकतीच घसरगुंडीवरून धावत येऊन माझ्या मांडीवर बसली होती. सीनियर केजीत आहे. मी डोळे मिटले आणि चौथीतली ती नदीची कविता धरली, आमच्या गुरुजींच्या चालीवर... पहिली ओळ संपते न संपते तोच मांडीवर काहीतरी चुळबुळलं.

डोळे उघडून बघतो तर यशूने दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलेलं, मान एका बाजूला वळवलेली. बोटांच्या फटीतून म्हणाली, "आबा, नको ना... माझं पोट भरलंय."

सगळे हसले. मीही हसलो. पण इतकी वर्षं पाठ असलेली कविता, आणि दुसरी ओळ काही केल्या आठवेना...

झालंय असं की यशूचे आईबाबा दोघंही नोकरीला. सून स्नेहल अंधेरीला जाते, मुलगा तर तिच्याही आधी घर सोडतो. त्यामुळे पोरीचं दुपारचं जेवण, आणि बऱ्याचदा रात्रीचंही, माझ्याकडे. सुनेचा हट्ट एकच... वेफर्स, बिस्किटं कमी आणि भाज्या पोटात गेल्या पाहिजेत.

मला वाटलं, हे तर आपल्या आवडीचं काम. मी कविता म्हणायचो, यशू ऐकता ऐकता आ करायची, ओळ संपली की घास आत. माठ, दुधी, भोपळा... कविता संपेपर्यंत वाटी रिकामी. ती कुठे बघतेय, काय चावतेय, याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

आणि वर तोरा किती. समोरच्या सावंतवहिनी नातवाला मोबाइलवर कार्टून लावून भरवतात. एकदा लिफ्टमध्ये, चार लोकांच्या देखत मी त्यांना म्हणालो, "वहिनी, नातवाला जेवू घालताय की चार्जिंगला लावताय?" लोक हसले. वहिनी लिफ्टचं दार कधी उघडतंय याची वाट बघत उभ्या राहिल्या.

परवा त्याच सावंतवहिनी कट्ट्याच्या टोकाला बसल्या होत्या. फक्त त्याच हसल्या नव्हत्या. सगळे पांगल्यावर उठून जवळ आल्या... मनात म्हटलं, आता लिफ्टमधलं उट्टं निघणार.

पण त्या हळूच म्हणाल्या, "काका, आमचा पण असंच करतो. कार्टूनचं गाणं कुठे वाजलं ना, की तोंड मिटून घेतो. डॉक्टर बोलले, त्याला भूकच कळेनाशी झालीय. तुम्ही पण बघा हां जरा."

बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

घरी आलो आणि एकेक आठवायला लागलं. यशूचा शाळेचा डबा कितीदा तसाच परत यायचा. डबा उघडून नुसती बसून राहते, असं टीचरने स्नेहलला सांगितलं होतं. स्नेहलने माझ्याजवळ विषय काढला, तेव्हा मी कौतुकाने म्हणालो होतो, अगं तिला कवितेशिवाय घास उतरत नाही... ती डबा घासायला घेऊन गेली. सासऱ्याला आणखी काय बोलणार.

त्या रात्री तिला सगळं सांगितलं. मान वर करून सांगता येईना, म्हणून ताटं मांडता मांडता सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आज तिचं तिला जेवू द्या. आपण नुसते शेजारी बसू."

यशूच्या ताटात भाकरी, वरण आणि लाल भोपळ्याची भाजी. ती सवयीने माझ्याकडे वळली आणि आ करून बसली... चिमणीच्या पिल्लासारखी. मी गप्प. तिने तोंड मिटलं, थोड्या वेळाने पुन्हा उघडलं. एक ओळ, एकच ओळ म्हणावी असं इतकं वाटत होतं की काय सांगू...

शेवटी कंटाळून तिने भोपळ्याची फोड उचलली. वास घेतला. चावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आबा, हे गोड आहे."

पोरगी कुस्करलेला भात खायला लागली तेव्हापासून मी तिला भोपळा भरवतोय. तो गोड असतो, हे तिला परवा कळलं.

अर्धी भाकरी ठेवून ती "बास" म्हणाली. माझा हात सवयीने उरलेल्या घासाकडे गेलाच होता... स्नेहल बघत होती. मी हात मागे घेतला.

काल सकाळी सावंतवहिनींकडे जाऊन लिफ्टमधल्या बोलण्याची माफी मागितली. "काका, त्यात काय एवढं," म्हणत त्यांनी चहा टाकला. पण हिणवलं होतं चारचौघांत, म्हणून इथेही लिहितोय. वहिनी, चुकलो. आणि वेळेवर सांगितलंत, ते उपकार विसरणार नाही.

आमचे गुरुजी कविता कुणाला भरवत नसत. शेवटच्या तासाला खिडकीशी उभे राहून स्वतःशीच म्हणत, आणि आम्ही उपाशी पोटी ऐकत बसायचो, घंटा होऊनही उठायचो नाही... मी मात्र तीच कविता भाजी खपवायला वापरली. भाजीची चव घालवली, कवितेचीही.

आता जेवताना मी तोंडातून ओळ काढत नाही. बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालताना हळू आवाजात म्हणतो, माझ्यापुरती. आज सकाळी नदीची कविता म्हणत होतो, तर यशू दारात येऊन उभी राहिली. ओठ गच्च मिटलेले...

पण गेली नाही.