वाटून घेतलेली गोळी

खर्ड्याच्या भागूबाई नगरच्या दवाखान्यातून आपल्या गटातल्या पाच जणींच्या एचआयव्हीच्या गोळ्या एकत्र आणत आणि घरी बोलावून वाटत. "एक दिवसही चुकवू नका," हे त्यांचे पालुपद. या खेपेला तपासणीत विषाणू वाढलेला निघाला, तो भागूबाईंच्याच रक्तात.

वाटप झाल्यावर त्या खाली मान घालून म्हणाल्या, "लोक बघतील म्हनून आमचे मालक दवाखान्यात येत न्हाईत. एक दिवस मी गोळी खाते, एक दिवस त्यांना देते. एकटीनं कशी जगू?"

"भाकर अर्धी द्यावी बाई, गोळी न्हाई," गटातल्या छबूबाई म्हणाल्या. "अशानं दोघं जाल."

पुढच्या खेपेला भागूबाईंनी गोळ्यांची पिशवी छबूबाईंकडे सोपवली. स्वतःच गोळ्या चुकवल्यावर ती हाती धरायला त्यांचं मन धजेना. दवाखान्याकडे निघालेल्या एसटीत भागूबाईंच्या शेजारी त्यांचे नवरे सूर्यभान बसले होते, उपरण्याने तोंड झाकून.