न विचारलेल्या चार ओळी

पेपरात भाषांतरासाठी लॅटिनच्या आठ ओळी होत्या आणि मी बारा ओळींचं भाषांतर लिहून आले. मधल्या चार ओळी, रोमन सैन्य पूल बांधून नदी ओलांडतं त्या, सरांनी मुद्दाम गाळल्या होत्या. मला ते कळलंच नाही, कारण लॅटिनकडे मी धड पाहिलंच नव्हतं. पहिले दोन शब्द ओळखीचे दिसले नि गाइडमधलं पाठ केलेलं इंग्रजी भाषांतर मी नळ सोडल्यासारखं सोडून दिलं. पुढे लेखकाच्या शैलीवर प्रश्न होता. हा लेखक किती मोजकं बोलतो, हे मी साडेतीन पानं भरून सांगितलं. अशी ही विदुषी!

लॅटिन घेतलं तेच मुळात रागाने. अंधेरीच्या आमच्या घरात वडील रोज सकाळी दादाला संस्कृत शिकवत. मी जवळ जाऊन बसले, की म्हणत, "तू जा, आईला मदत कर." म्हणून कॉलेजात मी अशी भाषा निवडली, की घरातल्या कुणालाही तिच्यात माझी चूक काढता येऊ नये. सोय झकास झाली. मला एक क्रियापद धड चालवता येत नव्हतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

सर मरोळहून सायकलने येत. त्यांनी माझा पेपर भर वर्गात वाचला.

"पेपरात नदी नाही, पूल नाही," ते म्हणाले, "तरी ह्या पोरीने अख्खं सैन्य पलीकडे नेलं!"

वर्ग खदाखदा हसला. माझ्या कानांतून नुसत्या वाफा. तास संपल्यावर मी भांडायलाच गेले.

"सर, त्या चार ओळी बरोबर आहेत ना? मग मार्क का कापले?"

"बरोबर आहेत, म्हणूनच कापले. सोमवारी माझ्यासमोर बसायचं. न पाहिलेला उतारा देईन. नाही जमला, तर विद्यापीठाच्या परीक्षेला तुझा फॉर्म जाणार नाही."

फॉर्म गेला नाही तर कॉलेज बंद, हे वडिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

घरी येऊन मी गाइड टराटरा फाडलं. सरांना शिव्या घातल्या, वडिलांना मनातल्या मनात घातल्या, त्या रोमन सैन्यालाही सोडलं नाही. मेल्यांनो, अलीकडेच थांबला असतात तर काय बिघडलं असतं? मग चिडून रडले. स्वतःचा राग येत होता, पण तेवढं कबूल करायची अक्कल तेव्हा कुठली!

मराठी चौथी शिकलेली आई दारात उभी राहून सगळं बघत होती. माझं नाक पुसून होईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "झालं? आता ते खरं पुस्तक आण. पाठ म्हणायचं नाही हां. एकेका शब्दावर बोट ठेव आणि तो तिथे काय करतोय ते मला सांग. मला कळलं नाही, तर तुलाही कळलेलं नाही असं मी धरणार. बस इथे."