माय सांभाळायची किंमत

माझ्या भावानं आमच्या मायला गुरांच्या कोठ्यात बांधून ठेवलं होतं. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. अखजीच्या सणाला माहेरी गेले, तेव्हा माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. मी अड्याळच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि माझा नवरा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. माहेर पवनीच्या बाजूला, एसटीनं फार दूर नाही. त्या दिवशी भाऊ घरी नव्हता. वहिनीनं हातात पाण्याचा गडवा दिला. माय कुठं आहे विचारलं तर म्हणाली, झोपली आहे. तिच्या सांगण्यात काहीतरी अडखळलं, म्हणून मी मागच्या दारानं बाहेर गेले.

बैलांच्या गव्हाणीशेजारी माय बसली होती. एका पायाला दावं आणि दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला. घोट्याभोवतीची कातडी सोलून लाल झाली होती. पुढ्यात जर्मनच्या ताटलीत भात वाळून चिकटला होता. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि अदबीनं म्हणाली, "बसा जी मास्तरीनबाई. शाळा सुटली का?"

मी तिची मुलगी आहे हे ती विसरली होती. मी शिकवते एवढंच कुठंतरी उरलं होतं.

तिचं विसरणं दोनेक वर्षांपासून सुरू होतं. आधी वरणात दोनदा मीठ पडायचं, मग चूल पेटलेली राहायची, मग माणसांची नावं गेली. एकदा ती तळ्यात गुडघाभर पाण्यात उभी सापडली. कधीच विकून टाकलेल्या म्हशीला ती हाका मारत होती. बाप वारला तेव्हा आम्ही दोघं लहान होतो. मायनं दुसऱ्यांच्या शेतात रोवणी करून, चिखलात वाकून आम्हाला वाढवलं. भावाला तिनं भंडाऱ्याला ठेवून शिकवलं. मला सातवीनंतर घरी बसवलं. माझं पुढचं शिक्षण लग्नानंतर, नवऱ्यानं करू दिलं म्हणून झालं. शिकलेल्या भावाची आता धानाची गिरणी होती आणि चार गावांत त्याला मान होता.

संध्याकाळी तो आला तेव्हा मायचा पाय मी धुऊन हळद लावून ठेवला होता. दावं माझ्या हातात होतं.

"बांधू नाही तं काय करू?" तो म्हणाला. "तळ्यात जाऊन मरन ते. तुले एवढा कळवळा आहे तं तू ने."

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मायला अड्याळला आणलं. येताना ते दावंही पिशवीत घातलं. नवऱ्यानं विचारलं, हे कशाला. मी म्हटलं, लागेल.

आता मायचं करायचं काय, हा प्रश्न होता. आम्ही दोघं दिवसभर नोकरीवर आणि तिला घटकाभरही एकटं ठेवता येत नव्हतं. भावानं निरोप पाठवला की नागपूरला वेड्यांचा सरकारी दवाखाना आहे, तिथं खर्च नाही, तिथंच ठेवू. मी म्हटलं, आधी डॉक्टर काय म्हणतो ते ऐकू. माय, भाऊ आणि मी नागपूरला गेलो. डॉक्टर तरुण होता, समजूतदार होता. त्यानं मायला ऋतू कोणता, गाव कोणतं, असं हळूहळू विचारलं. ती लाजून पदराआड हसत राहिली. मग त्यानं आम्हाला सांगितलं की हे वेड नाही. म्हातारपणात काहींचा मेंदू झिजतो, त्याला औषध नाही. इथं ठेवायचं म्हटलं तर ठेवून घेऊ, पण अनोळखी माणसांत ती जेवण सोडेल. तिला एक घर, एक माणूस आणि रोजची ठरलेली वेळ द्या. बाहेर आल्यावर भाऊ असा तणतणत होता, जसा काही डॉक्टरनं त्याला फसवलं.

मग त्यानं नदीपलीकडचा एक मठ काढला. तिथले महाराज भ्रमिष्ट माणसांना ठेवून घेतात म्हणाला. मी एका रविवारी एकटीच जाऊन पाहून आले. लांब पडवीत माणसं ओळीनं बसली होती आणि प्रत्येकाच्या पायात साखळी होती. एक म्हातारा भिंतीचा चुना नखानं खरडून तोंडात घालत होता. मी फाटकातूनच परत फिरले.

शेवटी मीच मार्ग काढला. आमच्या गल्लीत एक विधवा बाई राहायची. तिनं स्वतःच्या सासूचं अंथरुणावरचं सगळं केलं होतं. मी शाळेतून येईपर्यंत मायजवळ बसायला ती तयार झाली. तिनं जो पगार सांगितला तो वाजवी होता.

तो पगार आम्हाला झेपत नव्हता असं नाही. नवरा म्हणाला, कायले भांडतेस, आपणच देऊन टाकू. मी नाही म्हटलं. मला तो भावाकडूनच हवा होता, आणि नुसता पगार नको होता. सोललेला घोटा मी विसरले नव्हते.

त्या दिवसांत भाऊ सोसायटीच्या निवडणुकीला उभा होता. मतदानाआधी आसपासच्या गावांतली माणसं त्याच्या अंगणात जेवायला येणार होती. मी आदल्या दिवशी माहेरी गेले. ओसरीवर तो एकटा होता. मी पिशवीतून दावं काढून त्याच्यासमोर ठेवलं.

"उद्या तुह्या अंगनात पंगत बसन," मी म्हटलं. "मी मायले आनून मधात बसवीन. पायाले हे बांधीन, आन् लोकं विचारतीन तं खरं सांगीन."

त्यानं आधी अंगणात कोणी आहे का पाहिलं. मग विचारलं, तुले काय पाहिजे.

मी तीन गोष्टी सांगितल्या. त्या बाईचा पगार त्यानं द्यायचा. मायच्या नावावरच्या बांधीतला, म्हणजे धानाच्या वावरातला, तांदूळ मायच्या पोटात जायचा. आणि हे दोन्ही घेऊन त्यानं स्वतः दर बाजाराच्या दिवशी अड्याळला यायचं, गडीमाणूस पाठवायचा नाही, माय जेवेपर्यंत समोर बसायचं. पहिल्या दोन गोष्टींना त्यानं खळखळ केली. तिसरीला लगेच हो म्हणाला. त्याला ती सोपी वाटली.

पहिल्या बाजाराला तो आला तो धोतर, कोट, डोक्यावर काळी टोपी अशा थाटात. माय ओट्यावर बसून मुरमुरे खात होती. त्याला पाहताच तिनं घाईघाईनं डोक्यावरून पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मला आधी कळलं नाही. मग तिनं भिंतीशीच बोलायला सुरुवात केली आणि मला सगळं कळलं.

बापाचा थोरला भाऊ, म्हणजे मायचा भासरा, दिसायला थेट असाच होता. असंच नाक, अशीच काळी टोपी. बाप गेल्यावर त्यानं शेताच्या हद्दीचा धुरा सरकवून तळ्याखालची आमची चांगली बांधी गिळली होती. आमच्याकडे भासऱ्यापुढं बाईनं बोलायचं नसतं, त्याला तोंड दाखवायचं नसतं. त्यामुळे मायनं जन्मभर त्याला एक शब्दही म्हटला नव्हता. तो मरून पुष्कळ वर्षं झाली होती. आता मायला तो तिच्या ओट्यावर येऊन बसलेला दिसत होता.

"माह्या नवऱ्याची राख थंडी नाई झाली, तं तुमी धुरा फोडला," ती भिंतीला म्हणाली. आवाज अगदी शांत होता आणि शब्द आदराचा होता. "माह्या लेकराच्या तोंडातला घास काढला तुमी. मरतानी तुमाले पानी नाई भेटन."

भाऊ पांढराफटक पडला. माझ्याकडे वळून म्हणाला, "सांग ना वो तिले, मी कोन आहो."

"सांगून काय करू, भाऊ," मी म्हटलं. "तिले काही समजत नाई." आणि मायचं ताट वाढायला आत गेले.

ताट मी सावकाश वाढलं. माय बोलत राहिली. ती जेवेपर्यंत त्याला उठता येत नव्हतं, हे आमचं ठरलेलंच होतं. बाजारातून परतणारी माणसं ओट्यासमोरून जाताना थबकत होती.

तो येत राहिला. न येऊन करतो काय, निवडणूक जिंकून त्याचा मान वाढला होता आणि दावं माझ्याकडेच होतं. रोवणीच्या दिवसांत, ऐन उन्हाळ्यात, थंडीत, तांदळाचं बोचकं खांद्यावर घेऊन एसटीतून उतरायचा. ओट्याच्या कडेला बसायचा आणि खालमानेनं ऐकायचा. मायला इतर काहीही आठवो न आठवो, तो दिसला की तिचं तेच बोलणं सुरू व्हायचं. कधी ती लेकराच्या अंगावर कुडतं नव्हतं ते सांगायची, कधी धुऱ्यावरचं तोडलेलं मोहाचं झाड. ज्या लेकरासाठी ती भांडत होती, तोच समोर बसून शिव्या खात होता. मला ते पाहून बरं वाटायचं. शाळेत पोरांना पाढे म्हणायला लावतानाही मी बाजाराच्या दिवसाची वाट पाहायची.

एक गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही. रोज दिवेलागणीला माय मला जवळ बोलवायची आणि विचारायची, "माहा पोरगा बरा शिकते का जी, मास्तरीनबाई? मारू नका त्याले." लुगड्याच्या ओच्यात ती त्याच्यासाठी गुळाचा खडा नाहीतर मूठभर मुरमुरे बांधून ठेवायची. शाळेतून भुकेला येईल, म्हणायची. मुलीबद्दल तिनं कधी विचारलं नाही. तिला मुलगी आहे हेच तिच्या ध्यानात नव्हतं. तिला न्हाऊ घालणारी, केस विंचरणारी मी तिची कोणीच नव्हते, आणि ज्यानं तिला खुंट्याला बांधलं त्याच्यासाठी गूळ होता. मी म्हणायची, हो, बरा शिकतो तुमचा पोरगा. ओच्यातले मुरमुरे सकाळी मी चिमण्यांना टाकायची.

एका उन्हाळ्यात भाऊ घामानं निथळत आला. बसल्या बसल्या त्यानं टोपी काढली आणि रुमालानं डोकं पुसू लागला. टोपीशिवाय त्याला मायनं तिथं कधी पाहिलं नव्हतं. ती भिंतीकडून वळली. पदर तिच्या खांद्यावर पडला होता. ती मान वाकडी करून त्याच्याकडे पाहू लागली आणि तिचा हात ओच्याच्या गाठीकडे गेला.

"कोन आलं वो बाई?" तिनं त्या सोबतीच्या बाईला विचारलं. आवाज इतका मऊ होता की भावानं दचकून वर पाहिलं.

ती बाई काही बोलायच्या आत मी म्हटलं, "भाऊ, लोकं जाऊन राहिले समोरून. टोपी घाल, बरं दिसत नाई."

त्यानं मुकाट्यानं टोपी घातली. मायनं पदर ओढला, भिंतीकडे वळली आणि धुऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. ती बाई माझ्याकडे पाहत राहिली. मी तिची नजर चुकवली नाही.

धानाच्या कापणीच्या दिवसांत माय गेली. रात्री नीट जेवली होती, सकाळी उठली नाही. भाऊ आला, त्यानं खांदा दिला, अग्नी दिला, सगळं रीतसर केलं. तेरवीला माझ्या अंगणात पंगत उठल्यावर तो हात धुऊन माझ्याजवळ आला. डोक्याचे केस काढलेले, टोपी नव्हती. एकदम म्हातारा दिसत होता.

"एक सांगशीन का?" तो म्हणाला. "मी नसो तवा तिनं माह्यं नाव घेतलं का कदी?"

"नाई," मी म्हटलं.

तो मग सोबतीच्या बाईसाठी आणलेलं लुगडं घेऊन तिच्याकडे गेला. मी दारातून पाहत होते. त्यानं हळू आवाजात तिलाही तेच विचारलं असणार, कारण तिनं आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग खाली पाहत उत्तर दिलं. "म्हातारी कोनालेच ओयखे ना जी," ती म्हणाली. तो मान हलवून निघून गेला. एसटी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानंतर तो अड्याळला आला नाही.

त्या बाईनंही आमच्या घरी येणं सोडलं. बाजारात समोर आली की दुसऱ्या ओळीत वळायची. नवरा म्हणायचा, गुळाचं तरी भावाला सांगायचं होतं. मी त्याला विचारलं, तू मायला खुंट्याला बांधलेलं पाहिलं होतंस का. त्यानं पाहिलं नव्हतं. आम्ही त्यावर पुन्हा बोललो नाही.