नबीलाल मिस्तरीचं हलकं स्टेरिंग

"उतरा खाली मिस्तरी. उगं हाताला आनि मिशनीला, दोघांस्नी तरास नको, बघा."

आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, तामलवाडीच्या शिवारात, निम्म्या गावादेखत शंकरप्पा असं बोलला आणि नबीलालच्या मस्तकात गेलं. हाताला? हात कुठून मधी आला? ट्रॅक्टर बांधाकडं तोंड करून अडला होता. स्टेरिंग दगड झालं होतं. पैलवानाच्यानं हललं नसतं. पण ते कुणाला दिसेना. सगळ्यांना दिसत होता तो नबीलालचा डावा हात, मनगटापासून बाहेरच्या अंगाला वळलेला.

"माझा हात शाबूत हाय!" नबीलाल वरनंच ओरडला. "मिशन अडलीय. मिशनीकडं बघा की!"

"दोन साल मिशनीकडंच बघतोय, बघा."

प्रत्येक वाक्याच्या शेपटाला 'बघा' ठोकायची शंकरप्पाची खोडच होती. एरवी नबीलाल त्याला 'अप्पा' म्हणायचा. डोकं फिरलं की 'मालक' म्हणायचा.

"मालक, ह्यो हात कशानं मोडला ते ठाव हाय ना तुमाला?"

ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. निजामाच्या अमदानीत जहागीरदारानं हा इलायती ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्यावर बसायची छाती एकट्या बावीस वर्षांच्या नबीलालची होती. एक दिवस पुढचं चाक धोंड्यावर चढलं, स्टेरिंगनं उलटा झटका दिला आणि मनगट काडीसारखं मोडलं. बेंबळीच्या हाडवैद्यानं ते बसवलं, पण दाराची बिजागरी बसवावी तसं. पुढं जहागिरी गेली, जहागीरदार हैदराबादला गेला, आणि ट्रॅक्टर बारा वर्षं चिंचेखाली उभा राहिला. त्याच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालायच्या.

मग शंकरप्पानं तो भंगारात घेतला आणि थेट नबीलालच्या भात्यापाशी येऊन म्हणाला, "चालू करून द्या. चालू झाला तर त्याच्यावर तुमीच बसायचं. सालगडी पाडव्यापासनं धरत्यात, तुमालाबी तसंच धरू, बघा."

त्या एका बैठकीपायी नबीलालनं दोन वर्षं हाडाची काडं केली. इंजिन खोललं, लोखंडी चाकं कापून रबरी टायर चढवले. राहिलं स्टेरिंग. ते वळवायला दोन गड्यांचं बळ लागायचं, आणि नबीलालकडं होता दीड हात. मग तो सोलापूरच्या भंगार बाजारात गेला, मिलिटरीच्या एका मोडक्या ट्रकाखाली दिवसभर उताणा पडून राहिला आणि त्याचा तेलाचा पंप, दट्ट्या आणि नळ्या उपसून घेऊन आला. इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरायचा, पंपानं तेल रेटायचं आणि त्या तेलानं चाक वळवायचं. माणसानं फक्त कुठं जायचं तेवढं सांगायचं.

पहिल्या खेपेला नळ्या उलट्या लागल्या. उजवीकडं सांगितलं तर ट्रॅक्टर डावीकडं गेला, आणि गेला तो बब्रुवानच्या उकिरड्यात. बब्रुवान म्हणजे शंकरप्पाचा भाचा. तेव्हापासून नबीलाल दिसला की तो नाक धरायचा.

पण पाडव्याला ट्रॅक्टर शंकरप्पाच्या अंगणात एका बोटावर गोल फिरला होता! शंकरप्पानं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी म्हणाला, "आखितीला मोठ्या वावरात बघू, बघा." साऱ्या गावच्या गड्यांचं साल पाडव्याला धरलं, नबीलालचं तेवढं आखितीवर टांगलं. आणि आज मोठ्या वावरात, नेमकं वळणावर, हे असं.

"मामा," बब्रुवान धोतर खोचत पुढं झाला, "ते मिलिटरीचं आतडं कापून टाका. जुनं स्टेरिंगच बरं. म्या चालवतो."

"आधी ह्येच वळवून दाखीव!" म्हणत नबीलालनं उडी टाकली.

बब्रुवान वर चढला. त्यानं ओढलं, पाय रोवून ओढलं, "हुंऽऽ" करून मानेच्या शिरा फुगवल्या. स्टेरिंग ढिम्म. आणि लोक हसले ते कुणाला? नबीलालला! जोर काढतोय बब्रुवान, हसणं नबीलालच्या नावानं. ही कुठली रीत?

"ठरलं तर," शंकरप्पा म्हणाला. "ह्ये समदं काढा, बब्रुवान बसंल. तुमी आपलं दुरुस्तीचं बघा, बघा."

नबीलाल ट्रॅक्टरकडं वळला. धुराड्याशेजारी त्यानं तेलाचा लहानसा डबा बसवला होता, त्याचं लाकडी बूच त्यानं उपटलं आणि आत बोट घातलं. बोट बाहेर आलं ते पिवळीजर्द तार ओढत. चिकट, काकवीसारखी. त्यानं वास घेतला.

"करडी," तो हळूच म्हणाला. मग गरजला, "करडीचं तेल! मिशनीच्या डब्यात करडीचं तेल कुनी वतलं?"

बब्रुवानसुद्धा नाक धरायचं विसरला.

"म्या," मागून आवाज आला.

शंकरप्पाची आई, इरम्मा, हातात नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. सत्तरीची बाई, कपाळाला विभूती. "नव्या गाडीच्या आसाला पैलं तेल घरच्या बाईनं घालायचं असतंय. माज्या सासूनं घातलं, म्या घातलं. आमची गाडी कधी करकरली न्हाय. मग ह्याला का नको?"

"पैलं म्हंजे कितींदा, अव्वा?"

"पाडव्यापासनं रोज येक पळी. तुमी मिशन चालू करून च्या प्यायला जायचा ना, तवा. ल्हान पळी होती."

नबीलालचा राग तोंडापर्यंत आला आणि तिथंच अडला. इरम्मावर ओरडायचं कसं? आणि बुचाऐवजी फिरकीचं झाकण बसवायचा आळस कुणी केला होता? ते आठवून तो आणखीच भडकला आणि सगळं शंकरप्पावर काढलं.

"मालक! मोटेच्या कातड्याला रोगन कसं करत्यात, ते इचारा अव्वाला!"

इरम्मानं त्याच्या बोटावरची तार आपल्या दोन बोटांत धरली, चोळली, ताणून पाहिली. चाळीस वर्षं तिनं अंगणात करडीचं तेल आटवून ते चिकट रोगन मोटेच्या कातड्याला चोळलं होतं. तिला वेगळं सांगायची गरज नव्हती.

"अगं बया," ती म्हणाली. "रोगनच की गं ह्ये."

"धुराड्याच्या धगीला महिनाभर आटवलंय! पंपात रोगन, नळ्यांत रोगन. आता सांगा मालक, हात अडला का मिशन?"

शंकरप्पानं डोक्याची टोपी काढली, परत घातली. "बरं मग. खोला, धुवा, चालू करा, बघा."

नबीलाल बांधावर जाऊन बसला. "म्या न्हाय धुनार."

"मग कोन?"

"तुमी. निम्म्या गावादेखत माजा हात काढला ना? आता निम्म्या गावादेखतच तुमचे हात घाला. कुठला बोल्ट, ते म्या हितनं सांगतो."

शंकरप्पानं आईकडं पाहिलं. आई नैवेद्याचं ताट खाली ठेवून पदर खोचत होती.

"बस की खाली," ती म्हणाली. "धोतर खराब हुईल म्हनून थांबलास व्हय? ते धोतर धुनार मीच हाय."

दुपारपर्यंत धुणं चाललं. नबीलाल बांधावरून "डावीकडचा, डावीकडचा! तो न्हाय, त्याच्या खालचा!" असं ओरडत होता. शंकरप्पा कोपरापर्यंत राकेलात बुडाला. नळी फुंकताना बब्रुवानच्या तोंडात राकेलाचा गुळणाभर लोंढा आला. सगळं वावर हसलं, पण नबीलाल हसला नाही. एवढ्यावर राग जाण्यासारखा नव्हता.

नवं तेल पडलं, इंजिन धडधडलं. नबीलाल वर चढला, उजवा हात मुद्दाम मांडीवर ठेवला आणि डावा, तो वळलेला, स्टेरिंगवर टेकवला. ट्रॅक्टरचं लोखंडी नाक बांधावरून अलगद फिरलं. नांगर रुतला. पल्याडच्या बाभळीपर्यंत तास सुतासारखा सरळ गेला, आणि तसाच परत आला.

शंकरप्पासमोर ट्रॅक्टर उभा राहिला. इंजिन चालूच होतं.

"साल कधीपासनं, मालक?"

"आता आजपासनं धरू, बघा."

"पाडव्यापासनं."

तेवढ्यात इरम्मा पळी घेऊन नांगराच्या लोखंडी चाकापाशी आली. "नबीलाल, हितं तरी घालू का रं थोडं?"

"हितं घाला अव्वा. पोटभर घाला." मग मान न वळवता तो म्हणाला, "पाडव्यापासनं, मालक."

"पाडव्यापासनं," शंकरप्पा राकेलाचे हात झटकत म्हणाला. "बघा."

नबीलालनं गिअर टाकला. "बघा म्हनं," तो धुराच्या आड पुटपुटला. "दोन साल काय बघत हुता मग!"