झाकण कोणी लावलं?

ती घटना आजही आठवते, आणि ती खरंच घडली हे मन अजून मानायला तयार होत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावाने भावाचा गळा धरलेला पाहिला. ते सगळं पाहून घरी गेलो आणि जेवलोही. या प्रकरणात मात्र घास घशाखाली उतरेना. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, यात खुनी म्हणावा असा एकही माणूस नव्हता.

तेव्हा मी मीरा-भाईंदरमधल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाने सलग काही वर्षं ओढ दिली होती. पुढच्या दुष्काळाची तयारी म्हणून चेणे गावाच्या बाजूला नवं पंपिंग स्टेशन उभं राहिलं आणि तिथून काशीगाव, पेणकरपाड्याकडे मोठी जलवाहिनी टाकायचं काम सुरू झालं. रस्ते खणले गेले. लोकांनी शिव्या घातल्या, पण नळाला पाणी येईल या आशेवर धूळही खाल्ली. चेहरे पडले ते फक्त टँकरवाल्यांचे.

एका संध्याकाळी एक बाई ठाण्यात आली. मूळची रायगडची, नवरा जलवाहिनीच्या कामावर व्हॉल्व्हमन. सकाळी कामावर गेला तो परतला नव्हता, फोनही लागत नव्हता. ठाणे अंमलदाराने मिसिंगची नोंद घेतली. आम्ही त्याच्या कामावरच्या जोडीदाराला गाठलं. तो म्हणाला, "साहेब, टेम्पोने त्याला पेणकरपाड्याच्या चेंबरवर सोडला आणि मी पुढे काशीगावला गेलो. येताना बघतो तर झाकण बंद. म्हटलं, काम आटपून गेला घरी."

दुसऱ्या दिवशी पंपाची चाचणी होती. पंप चालू झाला, पण पाणी पुढे सरकेना. इंजिनियर एकेक चेंबर उघडत आले. पेणकरपाड्यातल्या एका सोसायटीसमोरचं झाकण उघडलं आणि तो सापडला. खाली चिखलात बसलेला, व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी मांडीवर, डोकं भिंतीला टेकलेलं. पंचनामा करताना माझ्या हवालदाराचा हात थांबला. तो म्हणाला, "साहेब, हा तर शिडीकडे तोंड करून बसलाय."

अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पण डोक्यात खूनच होता. बाहेरून झाकण लागलं होतं आणि ते आपोआप लागत नाही. त्यातच खबर आली. खबर देणारे त्याच सोसायटीचे सेक्रेटरी, मुंबईतल्या एका ऑफिसातून निवृत्त होऊन इकडे राहायला आलेले. सगळी इमारत त्यांना काका म्हणायची. लिफ्ट बंद पडो की कुणाला रक्त लागो, काका हजर. ते स्वतः ठाण्यात आले.

"साहेब, मी सांगतोय ते लिहून घ्या. आठवड्यापूर्वी एका टँकरवाल्याने आमच्या गेटसमोर त्या बिचाऱ्याची कॉलर धरली होती. म्हणाला, तुझी चावी तुझ्याच डोक्यात घालेन. अशा लोकांना सोडू नका."

टँकरचा चालक चेण्याचा. त्याला उचलला. त्या दिवशी कुठे होतास विचारलं तर म्हणाला, घरी. घरी नव्हता, हे आम्हाला आधीच कळलं होतं. खोटं बोलणारा माणूस समोर असला की पोलिसाला बरं वाटतं, अर्धं काम झाल्यासारखं. बाहेर लोक जमले होते, त्यांनी तर त्याला फासावर चढवूनच टाकलं होतं. त्याच्या घरावर कुणीतरी दगडही मारले. शेवटी तो रडायला लागला.

"सायेब, कॉलर धरली, न्हाय म्हनत न्हाय. पन मारला न्हाय. मी पंपावर व्हतो. चोरून टँकर भरत व्हतो. तुमचा क्यामेरा हाय ना तिथं, बघा जा."

पाहिला. दुपारभर तो टँकर पंपिंग स्टेशनच्या मागच्या बाजूला उभा दिसत होता. आणि शवविच्छेदनाचा अहवाल सांगत होता की मृत्यू दुपारीच झाला. अंगावर एक ओरखडा नाही. महिनोन् महिने बंद असलेल्या चेंबरमध्ये विषारी वायू साठतो, माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. मी डॉक्टरांना विचारलं, "झाकण उघडं असतं तर?" ते म्हणाले, "वेळेत कुणी पाहिलं असतं तर कदाचित वाचला असता. खात्रीने नाही सांगता येणार."

आमचा संशयित हातचा गेला. त्याच दुपारी मयताची बायको वस्तू न्यायला आली. घड्याळ, पाकीट, फोन घेतला आणि म्हणाली, "त्यांच्या चपला?"

पंचनाम्यात चपला नव्हत्याच. शिडीने उतरताना पाय घसरू नये म्हणून तो त्या वरच काढून ठेवायचा, असं ती म्हणाली. आम्ही पुन्हा जागेवर गेलो. चपला सापडल्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर. एकीला एक लावून, नीट ठेवलेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. चपला अशा उंचावर आपल्याकडे कोण ठेवतं? कुत्री पळवतील म्हणून जपणारा माणूस ठेवतो. ज्याने एखाद्याला आत कोंडलं, तो त्याच्या चपला कशाला जपेल? लाथेने उडवेल, नाहीतर आत टाकेल. इथे कुणीतरी भलं माणूस येऊन गेलं होतं. मला वाटलं, साक्षीदार मिळाला.

परिसराची खडान्‌खडा माहिती असणारे काकाच. त्यांच्या घरी गेलो. काकूंनी कोकम सरबत आणलं.

"काका, त्या दुपारी ते झाकण कोणी लावलं, कुणी पाहिलं का हो?"

"पाहायचंय काय, मीच लावलं." काका हसले. "कंत्राटदाराची माणसं ही अशी. उघडं टाकून चालू पडतात. आमची मुलं तिथेच सायकल फिरवतात, एखादं पडलं म्हणजे? फायबरचं हलकं झाकण ते. पायाने सरकवलं, वर उभा राहून नीट बसवलं. पण साहेब, तेव्हा आत कोणी नव्हतं. रात्री आणून टाकलाय त्याला. सगळे तेच म्हणतायत."

"आत पाहिलंत तुम्ही?"

"पाहायचं काय? खड्डाच तो. काळोख."

"आणि चपला?"

"हो, चपला होत्या ना बाजूला. म्हटलं कुत्री नेतील, ज्याच्या असतील तो..."

काका थांबले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. पोलीस म्हणून मी आयुष्यभर कबुलीची वाट पाहत आलो होतो. ही कबुली ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"त्याच्या होत्या?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. ते खाली बसले ते जमिनीवरच. काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "अहो, काय झालं? बोला ना काहीतरी."

काका दुसऱ्या दिवशी स्वतःहून ठाण्यात आले. वकील आणला नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू, असा गुन्हा नोंदवला. टँकरच्या चालकाला सोडलं. पाणीचोरीचा वेगळा गुन्हा त्याच्यावर लागला आणि तो तेवढ्यानेही सुटल्यासारखा रडला. काकांचा जबाब चालू असताना ती बाई आली. मी तिला बाहेर थांबवणार होतो, पण काकाच उठून तिच्यासमोर उभे राहिले. हात जोडले.

ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "झाकण लावताना एक हाक मारलीत का?"

"नाही."

"मारायची होती हो. ते झोपेतसुद्धा ओ द्यायचे."



मला खात्याने माणसातलं वैर शोधायला शिकवलं, आणि वैर सापडतंच. तो चालक मला सापडलाच होता. पण इथे जीव गेला तो मुलांच्या काळजीपोटी, शिस्तीपोटी, एका सज्जन माणसाच्या हातून. सज्जनांना आपण काही विचारत नाही. तेही स्वतःला विचारत नाहीत, कारण आपण चांगलंच करतोय याची त्यांना खात्री असते. मीही त्यांच्यातलाच.

जलवाहिनी पुढे सुरू झाली. पाणी येतं, भरपूर येतं. रस्त्यात कुठे उघडं चेंबर दिसलं की मी वाकतो आणि मोठ्याने हाक मारतो. येणारे-जाणारे हसतात. मी थोडा वेळ ऐकत थांबतो आणि मगच झाकणाला हात लावतो.